दाराकडची बाजू

अप्पांच्या स्टुडिओत आधी आरसा नव्हता. तो मागच्या उन्हाळ्यात आला. चौकातलं जुनं सलून बंद झालं, तेव्हा तिथला लांबट आरसा अप्पांनी मागून आणला आणि आपल्या स्टँडसमोर भिंतीला टेकवून ठेवला. खालच्या कोपऱ्यात त्याचा पारा गेला होता.

"आता कुणाची दाढी करायची, अप्पा?" मी विचारलं.

"माझीच. पर वस्तऱ्यानं न्हाई, ब्रशानं."

अप्पा म्हणजे पेंटर. नात्याने माझे कुणी नाहीत. मांजरसुंब्याच्या चौकापासून थोडं आत त्यांची पत्र्याची लांब खोली आहे, घराला लागूनच. तिला ते स्टुडिओ म्हणायचे, म्हणून सगळेच म्हणतात. घराणं दुकानदारीचं. धाकटे भाऊ एकच, ते किराणा दुकान चालवतात, घरची शेती बघतात. ब्रश फक्त अप्पांनी धरला. रोज अंघोळ झाली की कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून ते स्टुडिओत यायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "ह्यांच्या कपाळावरच्या तीन रेघा तेवढ्या सरळ येतात. संसाराची एक न्हाई."

एके काळी हायवेवरच्या अर्ध्याअधिक ढाब्यांचे बोर्ड अप्पांच्या हातचे होते म्हणे. मी आले तोवर फ्लेक्स आला होता. राहिलं होतं ते गाड्यांच्या नंबरप्लेटा, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, नारायणगडाच्या जत्रेआधी पाळणेवाल्यांचं थोडंफार काम. आणि गेलेल्या माणसांचे फोटो. फोटो म्हणायचं, पण असायचं ते चित्र. लोक आधार कार्डावरचा, लग्नाच्या अल्बममधल्या गर्दीतला कुठलातरी बारीकसा चेहरा आणून द्यायचे. त्यावरून अप्पा प्लायच्या पाटीवर मोठा चेहरा काढायचे, मागे निळा रंग, ऑइल पेंटमध्ये. मोबाइलवरून मोठा प्रिंट निघतो हे लोकांना माहीत होतं, तरी काही घरं अप्पांकडेच यायची. प्रिंटमध्ये माणूस मेल्यासारखाच दिसतो, असं एक म्हातारी माझ्यासमोर म्हणाली होती.

मी इथली नाही. माझं माहेर भंडाऱ्याकडे, तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखात. इथून तिकडे जायला एक अख्खा दिवस आणि वर एक रात्र लागते, त्यामुळे वर्ष वर्ष जाणं होत नाही. शाळा पाचवीत सुटली, कारण धाकटी भावंडं सांभाळायला घरी दुसरं कुणी नव्हतं. लग्नानंतर आमचे हे रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचे. काम जिकडे सरकेल तिकडे आम्हीही सरकलो. इथला रस्ता झाला आणि कंपनी पुढे गेली. ह्यांची पाठ धरली होती म्हणून आम्ही मागे राहिलो. तेव्हा अप्पांनी स्टुडिओमागची खोली दिली आणि माझं शिलाई मशीन ठेवायला स्टुडिओतली दारापुढची जागा. कोण, कुठले, काही विचारलं नाही. "बायामाणसाची वर्दळ असली की रंगाच्या डब्यांना पाय फुटत न्हाईत," एवढंच म्हणाले. ह्यांना नंतर पाण्याच्या टँकरवर काम मिळालं. मी पिको-फॉल आणि ब्लाऊजं शिवत तिथेच बसले ते आजपर्यंत.

माझा स्वभाव भित्रा. कुणी नुसतं 'जरा इकडं ये' म्हटलं तरी आधी वाटतं, आपलं काय चुकलं. ही जागा आज आहे, उद्या सोडा म्हणाले तर कुठे जायचं, हे डोक्यात कायम चालू. म्हणून मी अप्पांना कधी नाही म्हटलं नाही. कामाला नाही, गमतीला नाही, मतालाही नाही. आमच्याकडे होकाराला 'हाव' म्हणतात. मी सारखी 'हाव अप्पा, हाव अप्पा' करायची. एकदा गिऱ्हाइकासमोर ते म्हणाले, "माय, हाव म्हणू नको. हितं हाव म्हंजी लोभ. लोकांना वाटंल पेंटरला लई हाव सुटली." मग स्वतःच हसत बसले. मी त्या दिवसापासून 'होय' म्हणायचं ठरवलं, पण घाबरले की 'हाव'च तोंडातून निघायचं.

बोर्डावरचा मजकूर ते मला आधी कागदावर लिहायला लावायचे आणि चुका काढायचे. 'आशीर्वाद' मी दोन वर्षं चुकवला. दुपारी पेपर मोठ्याने वाचायला लावायचे. पाचवीत सुटलेली मी, अशी पुन्हा लिहायला लागले. हे लिहितेय ते त्यांच्यामुळेच, आणि म्हणूनच लिहायला जड जातंय.

अप्पांच्या कामाची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गेलेल्या माणसाचं चित्र झालं की घरच्यांना द्यायच्या आधी ते मला बोलवायचे. मी परमुलखातली, कुणाला ओळखत नाही. त्या चेहऱ्याचं नाव-गाव मला सांगायचं नाही. पाटीवरचा कपडा काढायचा आणि विचारायचं, "हा माणूस कसा हुता?" मला चेहऱ्यात जे दिसेल ते मी बोलायचं. माझं बोलणं घरच्यांना पटलं तर चित्र पास. नाही पटलं तर अप्पा पुन्हा ब्रश घ्यायचे.

पहिल्यांदा मी लाजले. मग कळलं की ते मला येतं. लिंबागणेशकडचे एक मेंढपाळ भाऊ वडिलांचं चित्र न्यायला आले होते. मी म्हटलं, "हे लांब बघणारे दिसतात. जवळचं काही ह्यांना दिसत नसावं." दोघं भाऊ एकमेकांकडे बघून हसायला लागले. थोरला म्हणाला, "मैलावरचं मेंढरू वळखायचा आमचा बाप. म्होरलं ताट दिसत नव्हतं. चटणीत हात घालायचा अन् आमाला शिव्या द्यायचा." दुसऱ्या एका म्हातारीचं चित्र बघून मी 'रागीट' म्हटलं, तर तिच्या सुनेने पदर तोंडाला लावला आणि लेकाने तिच्याकडे रागाने पाहिलं. अप्पा त्या दिवशी म्हणाले, "शाळा पाचवी, पर नजर बीए झालेली हाय हिची."

चित्र जमलं की अप्पा म्हणायचे 'उतरलं'. "आजोबा उतरले." "डोळे उतरले, व्हट ऱ्हायलेत." म्हणजे माणूस पाटीवर आला. माझ्याही तोंडात तो शब्द बसला होता.

आरसा आल्यावर अप्पांनी एक नवी पाटी घेतली, मागे नेहमीचा निळा रंग दिला आणि रोज सकाळी दोन तास आरशासमोर बसायला लागले.

"सगळ्या गावाला उतरवलं, मीच ऱ्हायलो," ते म्हणाले.

काकूंना आवडलं नाही. "जित्त्या माणसाचं कशाला काढायचं? इचित्रच काहीतरी."

"मग मेल्यावर कोण काढणार? तू?"

"आधार कार्डावरचा हाय की फोटो."

"त्येच्यात मी चोर दिसतो."

"जसं हाय तसं येतं त्येच्यात," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्याच दिवसांत काही गोष्टी होत होत्या. आज त्या एका ओळीत लावता येतात, तेव्हा सुट्या सुट्या होत्या. अप्पा चालताना त्यांच्या एका पायातली चप्पल मागे राहायची आणि त्यांना कळायचंच नाही. चार पावलं अनवाणी जायचे, मग कुणीतरी हाक मारायचं. एका ढाबेवाल्याने हौसेने हाताचा बोर्ड करून मागितला होता. अप्पा शिरोरेषा दोरी न लावता ओढायचे, त्याचं त्यांना फार कौतुक होतं. त्या बोर्डाची शिरोरेषा शेवटच्या दोन अक्षरांवर खाली घसरली. "स्टूल डगमगतंय," ते म्हणाले, आणि पुसून पुन्हा ओढली. ती पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा त्यांनी मला दोरी धरायला लावली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी दोरी धरली.

दहाबारा दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. सकाळची वेळ होती. दारातून ऊन आत आलं होतं. अप्पा स्टँडपुढे बसले होते, एका हाताला दार, दुसऱ्या हाताला भिंत. चित्रातही तसंच होतं, अर्ध्या चेहऱ्यावर दाराचा उजेड, अर्धा चेहरा भिंतीकडे. त्यांनी पाटीवरचा कपडा काढला.

"ये. वळखीचा न्हाई असं समजून बघ. हा माणूस कसा हाय?"

मी बघितलं. भिंतीकडची बाजू म्हणजे आमचे अप्पाच. भुवई जराशी वर, ओठाच्या टोकाला गंमत दाबून धरलेली. दाराकडची बाजू मात्र वेगळी होती. डोळ्याचा कोपरा खाली आलेला. गाल सैल. ओठाचं टोक खाली सरकलेलं, जसं कुणी तिथून हात काढून घेतला. एकाच चेहऱ्यात दोन माणसं बसली होती, एक जागा आणि एक पेंगुळलेला.

आधी वाटलं, हात चुकला. लगेच वाटलं, अप्पांचा हात चेहऱ्यात चुकत नाही. शिरोरेषेत चुकेल, चेहऱ्यात नाही. आरशात जे दिसलं असेल तेच त्यांनी काढलं असणार. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे वळून, खाली मान घालून चिंधीने ब्रश पुसत होते. ऊन त्यांच्या मागे होतं, तोंडावर अंधार. मला काही कळलं नाही. जवळ जाऊन बघता आलं असतं. दोन पावलांचं अंतर होतं.

अनोळखी माणसाचं चित्र असतं तर मी लगेच म्हटलं असतं, 'हा माणूस एका बाजूने आजारी आहे.' वाक्य तयार होतं. पण अनोळखी माणूस नव्हता. ज्यांनी छप्पर दिलं, ज्यांनी मला अक्षर दिलं, त्यांच्याच तोंडाला नाव ठेवायचं? तेही त्यांनी दहाबारा दिवस खपून केलेल्या कामात? शिवाय मी चुकत असेन तर? पाचवी शिकलेल्या बाईने पेंटरला सांगायचं की तुमचं तोंड वाकडं आलंय? आणि खरं असेल तर ते माझ्याच तोंडून कशाला यावं, हेही मनात होतंच. मी एवढा सगळा विचार केला आणि अप्पा ब्रश पुसत थांबले.

शेवटी हळूच म्हटलं, "अप्पा, दाराकडची बाजू उतरलीय."

आमच्याकडे तोंड उतरलं म्हणजे एकच अर्थ. माणूस आजारी आहे, नाहीतर दुःखात. मला तेच सांगायचं होतं. पण मी ते स्टुडिओत, पाटीपुढे उभी राहून सांगत होते.

अप्पांचा हात थांबला. "उतरलीय म्हणतीस?"

"हाव."

ते पाटीकडे बघत राहिले. नेहमी चित्र पास झालं की ते मांडीवर थाप मारायचे. तशी मारली नाही. मग म्हणाले, "म्हंजी भिंतीकडची ऱ्हायली म्हण की."

त्यांनी काय ऐकलं ते मला तेव्हाच्या तेव्हा कळलं. हे मी नंतर जोडलेलं नाही. त्यांनी ब्रश रंगात बुडवून वर काढला, तेवढा वेळ माझ्याकडे होता. 'अप्पा, तसं नव्हे,' एवढे तीन शब्द. त्याऐवजी मी म्हटलं, "दोन्ही बाजू सारख्या दिसायला पाहिजेत, एवढंच."

"दिसतील की," ते म्हणाले. मी मशीनवर जाऊन बसले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मी सांगितलं होतं, आणि कुणी रागावलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस अप्पांनी भिंतीकडची बाजू दुरुस्त केली. धड बाजू आजारी बाजूला जुळवून घेतली. भुवई खाली आणली, गाल सैल केला, ओठावरची गंमत पुसली. चौथ्या दिवशी पाटीवर एक थकलेला म्हातारा होता, पण दोन्हीकडून सारखा. आता त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकू आल्या, कमरेवर हात ठेवून बघितलं.

"लई म्हातारं केलंत स्वतःला."

"पर उतरलोय का?"

"उतरलाव. आत्ता जेवायला चला."

अप्पांचे भाऊही येऊन गेले. "दुकानात लावतो," ते म्हणाले, "उंदरं येणार न्हाईत." सगळे हसले. मी एका ब्लाऊजची बाही उलटी लावली होती, ती उसवत बसले.

त्यानंतर आठ दिवस गेले असतील. सकाळी मी स्टुडिओत आले तर अप्पा स्टुलावर बसलेले आणि ब्रश खाली पडलेला. ते उजव्या हाताने तो उचलायला बघत होते आणि हात जातच नव्हता. माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. शब्द भिजलेल्या भाकरीसारखे निघाले, एकही धड नाही. त्यांनाही ते ऐकू आलं असावं. पुन्हा बोलायचा प्रयत्न केला नाही, माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा ऊन समोरून होतं. दाराकडची बाजू मला आता स्पष्ट दिसली.

मी काकूंना हाक मारली. भावांनी दुकान तसंच टाकून शेजारची जीप बोलावली. बीडला नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "तोंड वाकडं कधीपासून आहे?"

"आज सकाळपासून," काकू म्हणाल्या.

"त्याआधी काही? चालताना, बोलताना, हातातून काही पडणं?"

काकूंनी दिराकडे पाहिलं. दिराने काकूंकडे. "न्हाई," काकू म्हणाल्या.

मी मागे उभी होते, अप्पांच्या चपला हातात धरून. मला सगळं येत होतं. चप्पल, शिरोरेषा, पाटी. डॉक्टर लिहीत होते. मी एक पाऊल पुढे टाकलं असतं तर ते थांबले असते. पण पुढचा प्रश्न मला ऐकू यायला लागला होता, तुला माहीत होतं तर मग? मी तिथेही गप्प बसले. पाटीसमोर मी निदान चुकीचा शब्द तरी बोलले होते.

आधी कळलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. मी कुणाला विचारलंही नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याची भीती.

अप्पा वाचले. घरी आले. उजवा हात आणि पाय गेल्यात जमा. बोलणं म्हणजे तीनचार शब्द, तेही घरच्यांनाच कळणारे. बघायला येणारे लोक स्टुडिओतून आत जायचे, आणि जाताना त्यांना ती पाटी दिसायची. निळा रंग, दोन्हीकडून सारखा चेहरा, अगदी गेलेल्या माणसांचा असतो तसा. मग बोलणं सुरू झालं. जित्त्या माणसाने स्वतःची पाटी करू नये. गेलेल्यांच्या निळ्यात जाऊन बसला आणि निळ्याने धरून ठेवला. आधी एकदोघं म्हणाले, मग सगळे. काकू असलं काही मानत नाहीत, तरी त्यांनी एक दिवस पाटीचं तोंड भिंतीकडे केलं. मी ते रोज ऐकत होते. अप्पांच्या हातून झालेल्या सगळ्यात खऱ्या कामाला लोक अपशकून म्हणत होते, आणि त्याने मला काय सांगितलं होतं ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तरी सगळा पावसाळा मी मशीन चालवत राहिले.

दसऱ्याच्या थोडं आधी अप्पांचे भाऊ एक पोतं घेऊन आले.

"वैनी, ती पाटी द्या. पाण्यात सोडून येतो. घरात नको."

काकू बाजूला सरकल्या. भावांनी पाटी उचलली आणि ते ती पोत्यात घालायला लागले. ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून अप्पा पाटी कडेने धरायचे. भावांनी ती तोंडावर पंजा ठेवून धरली होती.

"नका नेऊ," मी म्हटलं.

"तुला काय करायचंय?"

मी मशीनमागे उभीच राहिले आणि सांगितलं. सगळं, जसं झालं तसं. चित्रात आधी काय होतं, मला काय दिसलं, मी काय बोलले, अप्पांनी काय ऐकलं, आणि मग त्यांनी दुसरी बाजू कशी पुसली. पाटीने काही केलं नाही, पाटी सांगत होती, एवढं मी दोनदा म्हटलं. दवाखान्यातलंही सांगितलं.

भावांनी पोतं खाली ठेवलं. "मग तवाच कावून न्हाई बोललीस?"

'का' विचारायला आमच्या गावीही 'काऊन'च म्हणतात. इथे आल्यावर हा एक शब्द तेवढा माहेरचा सापडला होता, आणि कानावर पडला की मला बरं वाटायचं. त्या दिवशी मात्र बरं वाटलं नाही. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून, असं म्हणणार होते. पण मीठ खाल्लेल्या माणसाने तेव्हाच खरं सांगायला पाहिजे होतं, आणि न सांगितल्याचं काय झालं ते समोर पोत्यात अर्धं दिसत होतं.

"तिला काय इचारता?" काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी रोज शेजारी बसून जेवत हुते. एका बाजूनं चावायलेत, दिसत न्हवतं का मला? म्हणलं दाढ दुखत असंल."

भाऊ स्टुलावर बसले. म्हणाले, "चप्पल मी बी बघितलती. म्हणलो, दादा, नवी घे. ही सैल झालीय."

पाटी त्यांनी नेली नाही. पोतं मात्र घडी करून नेलं.

त्या दोघांनी आपापला वाटा उचलला, माझ्यावर ढकलून दिलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण माझं त्यामुळे कमी झालं असं नाही. त्यांच्या नजरेसमोरून ते नुसतं गेलं होतं. मला समोर उभं करून विचारलं होतं. आणि एक गोष्ट मला अजून सोडत नाही. रोज दोन तास आरशात बघणाऱ्या माणसाला आपल्या गालातला फरक कळला नसेल का? 'उतरलीय म्हणतीस?' हे त्यांनी ज्या आवाजात विचारलं तो मी आता पुन्हा पुन्हा ऐकते. कदाचित त्यांना चित्राबद्दल विचारायचंच नव्हतं. शंका त्यांनाच होती, आणि ती जिच्या नजरेवर विश्वास होता तिच्याकडून पक्की करून घ्यायची होती. मी 'हाव' म्हटलं, म्हणजे ती बाजू बरोबरच आहे असं त्यांनी धरलं आणि शंका मनातून काढून टाकली. किंवा असं काहीच नसेल. हे त्यांनाच माहीत, आणि एवढं लांब वाक्य आता त्यांच्याच्याने निघत नाही.

भाऊ गेल्यावर माझ्या लक्षात आलं की अप्पांची खाट घराकडच्या दाराच्या पलीकडेच आहे आणि मधे नुसता पडदा. मी आत गेले. ते जागे होते.

"अप्पा, ऐकलं का तुम्ही?"

त्यांनी डोळे मिटले. मी उभी राहिले. जा म्हणाले असते तर गेले असते, खोली सोडा म्हणाले असते तर तीही सोडली असती. तसं काही झालं नाही. काकू वाटी घेऊन आल्या, दुधात भाकरी कुस्करलेली. वाटी माझ्या हातात दिली.

"आज तू भरव. माझं धुणं पडलंय."

मी खाटेच्या कडेला बसले. पहिला घास त्यांनी घेतला. दुसऱ्या घासाला दूध ओठाच्या कडेने हनुवटीवर आणि तिथून गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्यावर आलं. त्यांना ते कळत नव्हतं. मी पदराने पुसायला हात उचलला, आणि थांबले.

"अप्पा, या बाजूनं सांडतंय," मी म्हटलं. हवं त्यापेक्षा जरा मोठ्यानेच.

बाहेरून काकू म्हणाल्या, "वरडायलीस कशाला? ऐकू येतंय त्यांना."

अप्पांच्या घशातून एक आवाज निघाला. हसू होतं की ठसका, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता येईना. अर्धा चेहरा काही सांगतच नाही आता. पूर्वी मी अंदाज केला असता आणि तोच धरून चालले असते.

"हसलात का ठसका लागला?" मी विचारलं.

त्यांनी हनुवटी पुढे केली. तोंड पुसून घेतलं आणि पुढच्या घासासाठी उघडलं.